आईचा भूकांक

तात्या बोरसेंनी तिसरी बट्टी नको म्हटलं आणि वाढणारे जागच्या जागी थांबले. धुळ्यातल्या त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती, वरण-बट्टी होती, घोटलेली वांग्याची भाजी होती, आणि तात्या म्हणजे अकरा बट्ट्यांचा माणूस. शेजारी बसलेल्या डॉक्टर जावयाने त्यांची नाडीही पाहिली.

"तब्येत झकास आहे," तात्या ढेकर देत म्हणाले. "पोट भरलं, बस्स."

पंगतीतले वीसही पुरुष दोन-दोन बट्ट्यांत भरले होते. मांडवाच्या खांबाला टेकून तात्यांची पुतणी हर्षाली ते बघत होती. नेमकं उलटं व्हायला हवं होतं.

हर्षाली पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तृप्तीपट्टीवर काम करायची. कानामागे लावलेली ही टिकलीएवढी पट्टी मेंदूकडे जाणारा भुकेचा संदेश वाचायची, शून्य ते शंभरात त्याचा भूकांक फोनवर दाखवायची आणि हवा तर तो संदेश बदलायचीही. हल्ली घरोघरी निम्म्यांना मधुमेह, त्यामुळे पट्टी सगळ्यांनाच चिकटलेली होती. आज हर्षालीने पट्टीतली 'समभूक' ही नवी सोय सुरू केली होती. मांडवातल्या सगळ्यांची भूक एकत्र करून सारखी वाटायची. सकाळी सगळ्यांनी फोनवर 'मान्य' दाबलं होतं. कशाला, ते कोणी वाचलं नव्हतं. मागे तीस बायका उपाशी असताना पुढे बसलेल्यांचं पोट भरणारच नाही, असा तिचा अंदाज.

सातवीत तिने शपथ घेतली होती, की बायका बसल्याशिवाय आपण पंगतीत जेवायचं नाही. सोळा वर्षं पाळली. कोणाला पत्ताच लागला नाही, कारण ती तशीही शेवटच्याच पंगतीला असायची.

तिने एकेकाचा मूळ भूकांक उघडला. तिचा स्वतःचा एक्क्याऐंशी. मोठ्या काकूंचा पाच. आईचा तीन.

आई पहाटे चारपासून बट्ट्या तळत होती. पोटात एक कप चहा. हर्षालीने तिची पट्टी बदलून नवी लावली. तीन.

"आई, भूक नाही लागली?"

"मला कुठे लागते गं. तुमचं होऊ दे."

"लागतच नाही?"

"लागायची आधी. मग बंद झाली. बरंच झालं, कामात मध्येमध्ये यायची."

म्हणजे वाटणी बरोबरच झाली होती. बायकांची न लागणारी भूक पुरुषांना मिळाली होती.

"पोरी, काय मशीन काढलंस!" तात्या हात पुसत आले. "निम्मं अन्न वाचलं! आमच्या संदीपच्या लग्नात हेच लावू."

हर्षालीने राग शोधला. सापडला नाही; तो भुकेवरच पोसलेला होता. तिचे एक्क्याऐंशी सत्तर जणांत वाटून विरून गेले होते. वरणाचा वास येत होता, एवढंच. शपथ मोडावी तर भूक नव्हती, आणि भूकच नाही तर पाळण्यात काय होतं?

तिने समभूक बंद केली.

"आई, तात्यांची सकाळची भूक पट्टीत नोंदलेली आहे. अठ्ठ्याण्णव. बघायची तुला?"

"तात्यांची? अगंबाई!" आईने पदराला हात पुसले. "दुखेल का?"

"माहीत नाही."

"दाखव तर."

हर्षालीने बटण दाबलं. आई वरणाचं पातेलं घेऊन उभी राहिली. मग तिचा हात पोटाशी गेला.

"हे काय गं?"

"भूक."

"एवढी? आणि एवढी लागलेली असताना ते नुसते बसून राहतात?"

"नुसते नाही. ओरडतात."

पुरुषांची दुसरी पंगत बसत होती. आईने पातेलं खाली ठेवलं आणि जवळच्या पत्रावळीसमोर, तलाठी आणि भटजींच्या मधोमध, मांडी घातली. तलाठी सरकून बसले.

"वहिनी," तात्या हळूच म्हणाले, "वाढायचं राहिलंय अजून."

"मग वाढा की, भावजी."

आता तात्यांनाही उरलेल्या नऊ बट्ट्यांची आठवण व्हायला लागली होती. पण बट्ट्यांची परात त्यांच्याच पुढ्यात होती. त्यांनी वाकून वाढलं. हर्षाली आईसमोर जाऊन बसली. तिच्या पोटात एक्क्याऐंशी परत आले होते.

आई कोणाकडे न बघता जेवत होती. चौथ्या बट्टीवर तूप ओतून घेताना तिचा हात थांबला.

"हर्षे, ही तर तात्यांची झाली," ती म्हणाली. "माझी कुठे गेली गं?"