आठ रकान्यांतला नकार

सकाळी अकरा वाजता शाळेच्या स्टाफरूममधला फोन वाजला. गणिताच्या सरांनी तो उचलला. पलीकडून एक बाई नमस्कारही न करता म्हणाली, "सर, माझा दादा घरातून निघून गेलाय. तुमचा कागद वाचून."

आवाज ओळखीचा होता. बिट्टीची आत्या.

गेली वीस वर्षं शेवटच्या वर्गातली मुलं त्यांच्याकडे एकच प्रश्न घेऊन येत : मोठ्या विद्यापीठात मला घेतील का? सर मुलाचे गुण बघत, निबंध वाचत, मुलाखतीचा सराव घेत आणि मग एका कागदावर आठ विद्यापीठांचे आठ रकाने आखून प्रत्येकात आपला अंदाज टाइप करत आणि छापून खाली सही करत. तो सहसा चुकत नसे. म्हणूनच आईबाप त्या कागदाला निकालाइतके घाबरत.

घड्याळजींची मुलगी बिट्टी ही गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात तल्लख पोर. तिचा कागद सरांनी शनिवारी पाकिटात बंद करून आत्याच्या हाती दिला होता. त्यात पहिल्या क्रमांकाच्या विद्यापीठापुढे त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, 'चांगली शक्यता'. अर्ज भरून शाळेत द्यायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती.

असा कागद वाचून बाप घर का सोडेल?

सर तसेच निघाले. टेबलावरचा चष्मा उचलायचंही भान राहिलं नाही. दहा मिनिटांची वाट त्यांनी जवळजवळ पळतच काढली. खाली घड्याळांचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बिट्टी बसली होती. चेहरा पांढराफटक. तिनं मान वर केली नाही.

आत्यानं दारातच कागद पुढे केला. "वाचा. तुमचंच लिहिणं वाचा."

सरांनी उभ्या उभ्याच वाचला. आठ रकाने. आठही रकान्यांत एकच शब्द : अशक्य. खाली शेरा : 'बोलताना अडखळते. मुलाखतीत टिकणार नाही. मुलीला घराजवळच शिकवावे.' त्याखाली त्यांची सही.

"हे मी लिहिलेलं नाही."

"सही तुमची आहे."

"माझ्यासारखी आहे. ताई, वीस वर्षांत मी एकाही मुलापुढे 'अशक्य' लिहिलेलं नाही. फार तर 'अवघड' लिहितो."

आत्या मटकन खाली बसली. "मग कोणाचं हे पाप? सकाळी आठला त्यानं एकट्यानं पाकीट उघडलं. मी चहा घेऊन गेले तर नुसता बसलेला. म्हणाला, माझ्या पोरीचं वाटोळं झालं, मीच कमी पडलो. मी ऑफिसच्या घाईत होते. आंघोळ करून येते तर हा नाही. चष्मा इथेच, फोन इथेच. माणूस चष्मा टाकून कुठे जातो, सर? शेजारचे दोघं नदीकडे बघायला गेलेत. चौकीत म्हणाले, उद्यापर्यंत वाट बघा."

नदीचं नाव निघताच जिन्यावरून एक हुंदका ऐकू आला.

आपण इथे कोसळलो तर या घरातलं कोणीच उभं राहणार नाही, एवढं सरांना कळत होतं. ते सवयीप्रमाणे गणिताकडे वळले. काय दिलंय? काय काढायचंय?

"ताई, पाकीट शनिवारपासून कुठे होतं?"

"कपाटावर. दादाच म्हणाला, सोमवारी सकाळी उघडू."

"या दोन दिवसांत घरी कोण आलं?"

"बिट्टीची मैत्रीण आणि तिचे वडील. काल दुपारी. तीही त्याच विद्यापीठाला अर्ज करतेय." आत्याचे डोळे बारीक झाले. "तिनंच केलं असेल. जळते ती हिच्यावर."

"तुम्ही ऑफिसात टायपिंग करता ना?"

आत्या ताडकन उठली. "म्हणजे मी? आई गेल्यापासून या पोरीला तळहातावर वाढवलं मी!"

"म्हणूनच विचारतोय. ती गेली तर तुम्हाला घर खायला उठेल."

"उठेल. खायला उठलं तरी चालेल," आत्या कापऱ्या आवाजात म्हणाली, "पण तिचे पाय बांधणारी मी नव्हे."

सरांनी मान डोलावली. "बिट्टी दोन वर्षं माझ्यासमोर बोलतेय. मला कधी ती अडखळताना दिसली नाही."

"लहानपणी अडखळायची. सात वर्षांची होईपर्यंत. बाहेर कोणाला माहीतसुद्धा नाही. तिलाच त्याची लाज वाटते, म्हणून आम्ही घरातही विषय काढत नाही."

"तिची निळी फाइल कुठे असते? प्रशस्तिपत्रकांची?"

"कपाटात." आत्यानं दार उघडलं. वरचा कप्पा रिकामा होता. "इथेच तर होती..."

"दादांचे बूट?"

"चांगले बूट घालून गेलाय."

सर खाली दुकानात गेले. शटर अर्धं वर होतं. कामाच्या टेबलावर बायकांच्या हातातलं एक नाजूक घड्याळ उघडं पडलं होतं. खुर्चीवर दोन जाड उशा होत्या. शेजारी घड्याळजींचं डोळ्याला लावायचं भिंग, डोक्याला बांधायच्या पट्ट्यासकट. सरांनी पट्टा डोक्याला लावून पाहिला. तो अर्ध्यावरच अडकला.

"ताई, दादांची नजर कशी आहे?"

"घारीची! परवाच केवढंसं घड्याळ दुरुस्त केलं त्यानं."

सरांनी भिंग खाली ठेवलं. बिट्टी दारात येऊन उभी होती. कागद अजून सरांच्या हातात होता.

"बाळ, तू सांगतेस की मी सांगू?"

ती भिंतीला टेकली.

"ताई, तुमच्यावर आणि त्या मैत्रिणीवर मी उगाच आळ घेणार होतो," सर म्हणाले. "मैत्रिणीला हिच्या अडखळण्याची कल्पना नाही. म्हणजे लिहिणारा घरातला. राहता राहिले तिघं. दादांनी आपल्याच हातानं लिहिलेलं वाचून घर सोडलं नसतं. उरल्या तुम्ही दोघी."

"पण मी..."

"हा कागद मी चष्म्याशिवाय वाचला. मी! ज्याला चष्म्याशिवाय वर्तमानपत्रातली एक ओळ वाचता येत नाही. माझे कागद नेहमीच्या बारीक अक्षरात असतात. हा दुप्पट मोठ्या अक्षरात छापलाय. का? तर वाचणाऱ्याला दिसत नाही, हे छापणाऱ्याला ठाऊक होतं. दादा चष्मा टाकून गेले, कारण त्याचा आता काही उपयोग राहिलेला नाही. तुम्ही मात्र त्यांची नजर घारीची म्हणता. तुम्हाला पत्ताच नाही."

आत्या बिट्टीकडे वळली.

"या खुर्चीवर दादांना उशा कशाला लागतील? हा पट्टा त्यांच्या डोक्याला बसेल का? गेले काही महिने घड्याळं ही पोर दुरुस्त करतेय. शाळेतून आल्यावर, शटर ओढून. आणि माझी सही तिच्या प्रत्येक वहीवर आहे, गिरवायला हवी तितकी."

"आठ महिने," बिट्टी म्हणाली. बांध फुटला तशी ती बोलू लागली. "बाबांना काटे दिसत नाहीत, सर. मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला. ते म्हणाले, कोणाला सांगू नकोस, आत्याला तर नाहीच. मी गेले तर त्यांना कोण बघणार? मी म्हटलं मला नाही जायचं, तर दोन दिवस जेवले नाहीत. मग मला वाटलं, तुम्हीच नाही म्हणालात तर ते ऐकतील. दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत. मला नव्हतं माहीत ते असं... सर, मी मारलं का हो त्यांना?"

आत्यानं तिला ओढून छातीशी धरलं. रागवायचं तिला सुचलंच नाही.

"नाही," सर म्हणाले. आपला आवाज इतका ठाम कसा निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. "जीव द्यायला निघालेला माणूस मुलीची प्रशस्तिपत्रकं बरोबर नेत नाही. चांगले बूट घालत नाही. तो कोणाची तरी मनधरणी करायला गेलाय. कागदावर पहिलं नाव कोणाचं होतं?"

पहिल्या क्रमांकाचं विद्यापीठ बसनं तीन तासांवर होतं. तिथला फोन आधी लागेना, मग लागला तो कोणी उचलेना. बारा वाजले. सव्वाबारा. पाण्यात कोणी सापडलं नाही, असं सांगायला शेजारचे परत आले, तरी आत्याच्या तोंडचं पाणी परतलं नाही. साडेबाराला पलीकडून एका पहारेकऱ्यानं उचललं.

"निळी फाइल? आहेत ना एक गृहस्थ. आत्ताच आलेत. साहेबांना भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणतात. पायरी चुकून पडले, गुडघा फुटलाय थोडा. देऊ का?"

बिट्टीनं दोन्ही हातांनी फोन धरला.

"बाबा."

"बिट्टे? अगं, तू काळजी करू नकोस. मी यांना सगळं दाखवतो. सरांना चुकीचं वाटलं असेल."

"बाबा, तो कागद मी लिहिला. सरांचा खरा कागद माझ्या दप्तरात आहे. त्यात 'चांगली शक्यता' लिहिलंय."

घड्याळजी हळू आवाजात म्हणाले, "किती दिवसांनी मला एक कागद स्वतःचा स्वतः वाचता आला होता. वाटलं, डोळे सुधारले."

बिट्टीला रडू आवरेना.

"ऐक," ते म्हणाले. "आत्या आहे तिथे? तिला सांग, तिचा दादा आंधळा होत चाललाय. माझ्याच्यानं होत नव्हतं सांगायला."

"ऐकलं मी," आत्या फोनला तोंड लावून म्हणाली. "मेल्या, मी काय परकी आहे?"

"अर्ज भरला का?" घड्याळजींनी विचारलं.

"नाही. बाबा, तुम्ही एकटे कसे पोचलात? बसची पाटी कशी वाचलीत?"

"विचारत विचारत आलो. लोक सांगतात गं. हात धरून चढवतात. मला वाटायचं, फार अवघड असेल. तेवढं नाहीये."

सरांनी बिट्टीपुढे खुर्ची सरकवली, आत्यानं कोरा अर्ज आणून ठेवला. तिनं डोळे पुसले, फोन कानाशी तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं अर्जात आपलं नाव लिहायला सुरुवात केली.