नावं अठ्ठेचाळीस, डोकी एकोणपन्नास

ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला की माझ्या टेबलावर पाकिटांचा ढीग साचायचा. कॅन्सस आणि आसपासच्या तीन राज्यांतली एकतीस छोटी कॉलेजं आपापल्या फुटबॉल संघाचा फोटो पाठवायची. सोबत टाईप केलेली नावांची यादी असायची: पहिली रांग डावीकडून, दुसरी रांग डावीकडून. आमच्या ‘मार्ल बीकन’ची मोसमाआधीची पुरवणी निघायची, आणि तीत एखाद्या पोराचं नाव सुटलं तर त्याची आई सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला फोन करायची. म्हणून मी प्रत्येक फोटोतली डोकी मोजायचो, पेन्सिलीचं टोक टेकवत, ओठ हलवत. एकोणीसशे एकाहत्तरपासून चौतीस पुरवण्या अशा काढल्या. किचकट काम, पण मला ते आवडायचं.

पुरवणीच्या शेवटच्या पानावर माझं सदर असे: यंदा कोणता संघ सगळ्यांना चकित करणार. या सदराने मला आमच्या गावापुरता मोठा माणूस करून टाकलं होतं. गव्हाच्या कोठारावर, न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर लोक मला अडवायचे.

“आर्लिन, खरं सांग, तुझं गणित काय आहे?”

“मागच्या वर्षीची किती पोरं परत आलीत ते बघतो. आघाडीच्या फळीतल्या पोरांची वजनं बघतो. बस्स.”

हे साफ खोटं होतं. अंधारात दगड मारणारे इतर पत्रकार निदान दगड तरी मारत होते. मी फक्त मोजत होतो.

एकाहत्तर सालची गोष्ट. सेंट ब्रेंडन कॉलेजच्या यादीत नावं अठ्ठेचाळीस होती आणि फोटोत डोकी एकोणपन्नास. मी कॉलेजला फोन केला. तिथल्या बाईंनी त्यांच्याकडचा फोटो मोजला आणि अठ्ठेचाळीसच आहेत असं सांगितलं. मी पुन्हा मोजला. शेवटच्या रांगेत उजव्या टोकाला एक पोरगा जास्तच होता. भिंगातून पाहिलं तर चेहरा काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा. बाकीचे नव्या कोऱ्या जर्सीत होते, याच्या अंगावर मात्र सरावाची मळकी बनियन होती, आणि ओठ पांढरे दिसत होते. शाईचा दोष असेल म्हणून मी सोडून दिलं. आदल्या वर्षी एकच सामना जिंकलेल्या सेंट ब्रेंडनने त्या वर्षी एक सोडून सगळे जिंकले.

पुढच्या वर्षी जास्तीचं डोकं हार्लनच्या फोटोत होतं. हार्लनने लीग जिंकली. तिसऱ्या वर्षी ते नेब्रास्कातल्या एका कॉलेजात निघालं, आणि तेव्हा माझ्या हातातून भिंग खाली पडलं. एक कान बाहेर आलेला, सगळा भार डाव्या पायावर, हात कमरेवर. तसा उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता. तो माझा धाकटा भाऊ गॅलन होता, आणि त्याला पुरून आठ वर्षं झाली होती.

हे कधी कोणाला सांगितलं नाही, आता सांगतो. पासष्ट साली मी मार्ल कॉलेजच्या संघाचा कप्तान होतो. एकवीस वर्षांचा होतो, आणि कप्तान म्हणजे काय याची माझ्या डोक्यात फार मोठी कल्पना होती. गॅलन अठराचा, त्याच आठवड्यात संघात आलेला. आमचे प्रशिक्षक हॅकेट सर, त्यांचा सराव दिवसातून दोनदा चाले. पारा एकशे चार फॅरनहाइटवर गेला तरी मध्ये पाणी नाही. “ऑगस्टात पाणी पिणारा संघ नोव्हेंबरात रडतो,” असं ते म्हणायचे. प्रत्येकाला मिठाच्या दोन गोळ्या द्यायचे, आणि पाण्याची बादली मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी कडेच्या झाडाखाली ठेवायचे. बादलीत लांब दांड्याचं पत्र्याचं ओगराळं. राखण कप्तानाकडे.

चारच्या सुमाराला गॅलन माझ्याकडे आला.

“आर्लिन, एक घोट दे ना.”

“शिट्टी झाल्यावर.”

“सर तिकडे बघतायत रे. एकच घोट.”

“सगळ्यांना एकच नियम. शिट्टी झाली की पहिलं ओगराळं तुझं.”

“बरं,” तो म्हणाला. डाव्या पायावर भार टाकून क्षणभर त्या बादलीकडे बघत राहिला, आणि मग आपल्या रांगेत परत गेला. शेवटच्या रांगेत, उजव्या टोकाला. शिट्टी दहा मिनिटांनी झाली. तेव्हा तो जमिनीवर होता. मी बादली घेऊन धावलो, तोंडात पाणी घातलं, पण ते गालावरून ओघळून गेलं. तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्याने प्राण सोडला.

आईने मला कधी एका शब्दानेही विचारलं नाही. जेवायला बसलो की मात्र माझ्यापुढचा पाण्याचा पेला ती सगळ्यात आधी भरायची. ती जाईपर्यंत हे चालू होतं, आणि मी ते पाणी पीत होतो. माझ्या लाजेबद्दल याहून जास्त मला सांगता येत नाही.

तर असा तो दर वर्षी दिसायचा. कधी डाकोटात, कधी ओक्लाहोमात, जिथे कोणाला आशा नव्हती अशा एखाद्या कॉलेजात. मी ते नाव सदरात लिहायचो आणि ते खरं ठरायचं. पोरं का जिंकायची, त्याचा त्यात काय संबंध, हे मला तेव्हाही कळलं नाही. मला एवढंच दिसत होतं की तो परक्या पोरांत जाऊन उभा राहतो आणि मार्लच्या फोटोत येत नाही. दर वर्षी मार्लचं पाकीट मी सगळ्यात शेवटी फोडायचो. दर वर्षी नावं आणि डोकी बरोबर जुळायची, आणि दर वर्षी आमची पोरं सपाटून मार खायची. पराभव आमच्या पाचवीलाच पुजला होता. गावाला त्याचं दुःख होतंच. माझं दुःख वेगळं होतं.

मग नव्व्याण्णव साल आलं. कॉलेजच्या विश्वस्तांनी वसंतातच जाहीर केलं की हा फुटबॉलचा शेवटचा मोसम. संघ ओळीने एकोणीस सामने हरला होता, पोरं मिळत नव्हती, मैदानावर वसतिगृह बांधायचं ठरलं होतं. ऑगस्टात तीस पाकिटं आली. मी तीसही फोटो मोजले. मग भिंग पुसून पुन्हा मोजले. तीसही जुळले.

आमची संपादक मार्नी माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, आणि तोंडाने फटकळ. ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

“काय आर्लिन, यंदा कोणतं गाव नाचणार? शुक्रवारी पान लावायचंय मला.”

“अजून ठरलं नाही.”

“ठरलं नाही? तुमचं? दर वर्षी दहा तारखेलाच मजकूर आणून आपटता की.”

“मार्लचा फोटो व्हायचाय अजून. गुरुवारी आहे.”

ती हसली. “मार्ल! त्यांचा फोटो निधनवार्तांच्या पानावर घालू या का?” मग माझ्या तोंडाकडे पाहून ती उठली आणि कॉफी आणून ठेवून गेली.

तीस ठिकाणी तो नव्हता. मार्लला आला नाही, तर पुढच्या वर्षी यायला मैदानच उरणार नव्हतं. मला त्याच्याकडून काही नको होतं. तो एकदा घरी यावा, एवढंच हवं होतं.

जुनी बादली आणि ओगराळं माझ्या गॅरेजात होतं. चौऱ्याहत्तर साली कॉलेजने ते भंगारात काढलं तेव्हा मी उचलून आणलं होतं. गुरुवारी दुपारी दोन्ही घासली, हातपंपावर बादली भरली, आणि गाडीत पायापाशी ठेवून हळूहळू मैदानावर नेली. 

मैदान बदललं नव्हतं. कडेचं झाड तेवढं तोडलं होतं. फळ्यांच्या बाकांवर पोरं चढत होती, पलीकडच्या शेतात कापणीनंतरचे खुंट वाळत होते. कोणाच्या तरी आईने बिएरॉक, म्हणजे सारण भरलेले भाजके पाव, आणले होते, त्यातल्या कोबीचा आणि खिम्याचा वास सगळीकडे सुटला होता. मला एकदम पासष्ट साल आठवलं. आमच्याही आईने टोपली भरून आणली होती, आणि गॅलनने फोटोआधीच दोन खिशात घातले होते.

मार्लचे आताचे प्रशिक्षक बिग्ज सर माझी बादली बघून हसले. “व्होथसाहेब, हे काय, लोणचं घालताय?”

“पाणी आहे. कोणाला लागलं तर.”

“आमच्याकडे दर वीस मिनिटांनी सुट्टी असते पाण्याची. बाटल्या बघा किती आहेत.” खरंच रांगेने बाटल्या होत्या. पोरं बादलीकडे पाहून एकमेकांना कोपर मारत होती. कोणी तिला हात लावला नाही.

ड्वेन उन्रू आमचा फोटोग्राफर. तो शिडीवर चढला.

“पोटं आत! तू रे, टोपी काढ! हसू नका, शेवटचा मोसम आहे, जरा दुःखी दिसा!”

पोरं खो खो हसली. यादीत नावं बावन्न होती. मी पेन्सिल हवेत धरून मोजलं. बावन्न. उलटीकडून मोजलं. बावन्न. शेवटच्या रांगेत उजव्या टोकाला एक लाल केसांचा पोरगा होता, त्याच्या पलीकडे रिकामी फळी. ड्वेनने तीन फोटो घेतले.

झालं, असं मी मनात म्हटलं. 

बिग्ज सरांनी शिट्टी फुंकली.

पोरं धडधडत खाली उतरली आणि मैदानात पळाली. बाक रिकामे झाले.

मी ओगराळं भरलं. तीन पायऱ्या चढलो. हात लांब करून त्या रिकाम्या टोकाकडे धरलं.

“शिट्टी झाली, गॅलन,” मी म्हणालो.

काहीच झालं नाही. वारा नव्हता. पाण्यात आभाळ दिसत होतं.

मी ओगराळं टोकाच्या फळीवर ठेवलं, दांडा टेकवून, नीट, आणि वळलो. खाली ड्वेन शिडीपाशी कॅमेऱ्यात काहीतरी करत होता. मी उतरून त्याला शिडी मिटायला मदत केली.

परत वर गेलो. ओगराळं रिकामं होतं.

कलंडलं असेल म्हणून फळीवरून तळहात फिरवला. फळी कोरडी होती, चटका बसेल इतकी गरम. खालची मातीही कोरडी होती.

शुक्रवारी सकाळी ड्वेनने फोटो आणून टाकले. तीनही मी मोजले. बावन्न, बावन्न, बावन्न.

“आणि हा एक,” तो म्हणाला. “रीळ संपवायला उगाच दाबला. तुम्ही आहात यात. आणि हा कोण हो, खाली न उतरलेला?”

चौथा फोटो. रिकामे बाक. तिसऱ्या पायरीवर मी, हात लांब केलेला. माझ्या हातात काही नव्हतं.

ओगराळं त्याच्या हातात होतं.

त्याने ते दोन्ही हातांनी तोंडाला लावलं होतं. चेहरा त्याच्याआड गेला होता. बाहेर आलेला कान तेवढा दिसत होता, आणि मळक्या बनियनवर छातीशी ओला डाग.

“असेल कोणीतरी,” मी म्हणालो. “तहानलेला.”

मी जाऊन सदर टाईप केलं. मार्नीने ते दोनदा वाचलं. “मार्ल? आर्लिन, अठ्ठावीस वर्षांची अब्रू आहे तुमची.”

“असू दे. छापा.”

तिने छापलं. गावाने माझी यथेच्छ टिंगल केली, न्हाव्याने तर डोकं तपासून घ्या म्हणून सांगितलं. मार्लने त्या वर्षी दहापैकी नऊ सामने जिंकले. शेवटच्या सामन्याला सगळं गाव बाकांवर होतं, मार्नीसकट. मी शेवटच्या रांगेत उजव्या टोकाला बसलो होतो आणि शेजारची जागा कोणाला दिली नाही. इतका आनंद मला त्यानंतर कधी झाला नाही.

पुरवणी पुढे पाच वर्षं निघाली. एकाही फोटोत एकही डोकं जास्त निघालं नाही. माझी भाकितं इतरांसारखीच चुकू लागली आणि लोकांनी मला रस्त्यात अडवणं सोडलं. आता ‘बीकन’ही बंद आहे. मैदानावर वसतिगृह उभं आहे. पोरं त्याच्या खिडक्यांत टॉवेल वाळत घालतात.

ओगराळं गॅरेजात खिळ्याला टांगलेलं असतं. मी त्याला वर्षभर हात लावत नाही. ऑगस्टचा दुसरा आठवडा आला की ते काढून उजेडात धरतो. त्याच्या कडेवर खालच्या ओठाएवढी एक पांढरी रेघ उमटलेली असते. घासली की जाते, आणि पुढच्या ऑगस्टात पुन्हा तिथेच असते. यंदा मी तिला बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट होती.