हिरव्या थेंबांचा माग

"फायदा कुणाचा? मला फक्त एवढंच सांगा!" वकीलबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

सुट्टीचा आठवा दिवस होता आणि गल्लीतल्या सायकलींचं हे अकरावं पंक्चर! वकीलबाई म्हणजे सोफेवाल्यांची सातवीतली मुलगी. वाद घालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून हे नाव. तिचा धाकटा भाऊ सदा तिच्या मागे, म्हणून तो शेपूट. तिसरा मास्तर, तिच्याच वर्गातला. त्याला जगातलं सगळं माहीत असे, निदान त्याचं तसं मत होतं. उद्या सकाळी तिघं सायकलींवरून तळ्यावर जाणार होते आणि नेमकी आजच वकीलबाईची सायकल फुस्स! ती कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे टाकून तिघं किराणा दुकानाशी आले होते.

"प्रत्येक चाकात खिळा! तो काय रस्त्यावर उगवतो?" पायरीवर चढून ती म्हणाली. "आणि पंक्चर झालं की आपण जातो कुणाकडे? काकांकडे! खिळे टाकायचे आणि गिऱ्हाइकांची वाट बघत बसायचं. सोपं आहे!"

दुकानात गर्दी होती. दूधवाल्यानं मान डोलावली. "खरंय पोरीचं! माझीच दोन पंक्चरं झाली."

कोपऱ्यावरची जागा दुकानदाराच्याच मालकीची होती. तो तावातावानं म्हणाला, "असं आहे काय! रविवारपर्यंत जागा खाली करायला सांगतो त्याला!"

एकानंही एक खिळा हातात घेऊन बघितला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण मोठी माणसं आपलं ऐकतात म्हटल्यावर वकीलबाईची छाती फुगली.

संध्याकाळी ती मास्तरला घेऊन सायकल आणायला गेली. पंक्चर काढून झालं होतं, पण काका म्हणाले, "तळ्यावर जाणार ना? मग जरा थांब."

त्यांनी व्हॉल्व्ह काढला आणि एका बाटलीच्या नळीतून ट्यूबमध्ये हिरवं, दाटसर औषध सोडलं. व्हॉल्व्ह बसवून हवा भरली आणि चाक गरागरा फिरवलं.

"हे आतून सगळीकडे पसरायला हवं," ते म्हणाले. "आता खिळा घुसला तरी घाबरायचं नाही. तो उपटायचा, भोक खालच्या बाजूला आणायचं, मग चाक फिरवायचं. थोडं हिरवं गळेल आणि भोक आतूनच बुजेल."

वकीलबाईनं कसंबसं "थँक्यू" म्हटलं आणि सायकल ओढली.

"ए, पंक्चर काढणारा माणूस पंक्चर होऊ नये म्हणून औषध का देईल?" वाटेत मास्तरनं विचारलं.

"ती चाल असेल!" ती फणकारली. पण आवाजात दम नव्हता, आणि त्या दिवशी तिला जेवणही गेलं नाही.

सकाळी सहाला तिघं निघाले. शेपूट ताईच्या कॅरिअरवर बसला होता. सायकली जेमतेम कोपऱ्याजवळ पोचल्या, तेवढ्यात मास्तर ओरडला, "थांब! तुझं मागचं चाक हिरवं थुंकतंय!"

चाकात खिळा होता! वकीलबाईनं तो उपटला, भोक खाली आणलं, मग चाक फिरवलं. चार थेंब उडाले, थोडा फेस आला आणि गळती थांबली. चाक दगडासारखं टणक!

"वाचलं! वाचलं!" शेपूट नाचायला लागला.

"थेंब जिथून सुरू झालेत, तिथेच हा खिळा घुसला असणार," मास्तर म्हणाला. "चला, माग काढू!"

तिघं वाकून, रस्ता न्याहाळत मागे मागे गेले. थेंब कुठे संपावेत? वकीलबाईच्या स्वतःच्या फाटकापासून चार पावलांवर! तिथे आणखी दोन खिळे पडले होते. आखूड, रुंद डोक्याचे, जरा वाकलेले.

शेपटानं एक उचलला. "ताई, हे तर बाबांचे! जुन्या सोफ्यातून काढतात ते!"

वकीलबाईनं दुसरा खिळा उचलून पहिल्यांदाच नीट बघितला.

खिळे दर पाच-सहा पावलांवर होते. ते वेचत वेचत तिघं कोपरा ओलांडून थेट कचऱ्याच्या ढिगाशी पोचले. तिथे बाबा हातगाडीवरून पोतं उतरवत होते. हॉटेलच्या साठ खुर्च्यांचं काम आल्यापासून ते रोज सकाळी हा कचरा टाकत. पोत्यात फाटकं कापड, जुना फोम आणि उपटलेले खिळे. पोत्याच्या कोपऱ्याला हे एवढं भोक! गाडीची चाकं मात्र भरीव रबराची, त्यांना खिळ्याचं काय! काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा.

"गप्प बसायचं का?" मास्तर हळूच म्हणाला. "खिळे आपण वेचले आहेतच. कुणाला कळणार?"

एक क्षणभर वकीलबाईला ते फार आवडलं. बाबांचं नाव राहील, आपलंही राहील. जातील ते काका! आणि आपल्याला हे आवडलं, याचीच तिला इतकी लाज वाटली की ती धावत सुटली.

"बाबा!"

बाबांनी सगळं ऐकलं आणि पोत्याच्या भोकात बोट घालून बघितलं. "आठ दिवसांत एकदा मागे वळून बघितलं नाही मी," ते म्हणाले. "चल, आधी काकांकडे."

काका पेटीत पाने-पकडी भरत होते. सामान बांधणं सुरूसुद्धा झालं होतं!

"काका, खिळे आमचे होते," वकीलबाई एका दमात म्हणाली. "आणि दुकानात तुमचं नाव मीच घेतलं."

"माहीत आहे. मी साबण घ्यायला मागेच उभा होतो."

"तरी तुम्ही औषध घातलंत?"

"सायकलीनं माझं काय बिघडवलं होतं? आणि तळ्याच्या वाटेवर पोरं अडकली असती."

ते ओरडले असते तर परवडलं असतं. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. "माफ करा ना, काका."

काकांनी एक पाना पुसून पेटीत टाकला. "करीन की. पण तू बोललीस दुकानापुढे, चारचौघांत. इथे हळूच माफी मागितलीस, तर त्या चौघांना कसं कळणार?"

दुकानापुढे सकाळची गर्दी होती. वकीलबाई त्याच पायरीवर चढली.

"मी काकांबद्दल बोलले ते खोटं होतं. मी काही न बघताच बोलले. खिळे आमच्या घरचे आहेत."

बाबांनी फाटकं पोतं वर धरलं. "पोरीचं खरं आहे. चूक माझी."

एकच गलका झाला!

"शाबास! केवढी धीट पोर!" दूधवाल्यानं तिची पाठ थोपटली.

"मुलं असावीत तर अशी!" म्हणत दुकानदारानं बरणीतून चॉकलेट काढलं.

वकीलबाईला रडूच फुटलं. काका पेटी घेऊन बाजूला उभे होते आणि त्यांच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं!

"मला कसली शाबासकी देता!" ती ओरडली. "मी चुकीचं बोलले, पण तुम्ही ते ऐकलंत ना? एकानं तरी पुरावा मागितला? मग काकांची माफी मी एकटीनंच मागायची?"

दुकानदाराचा चॉकलेटचा हात तसाच राहिला. दूधवाला आपल्या चपलांकडे बघू लागला. मग दुकानदार घसा खाकरत खाली उतरला आणि स्वतःची सायकल ढकलत काकांपाशी आला.

"जरा हवा बघता का?"

काकांनी अंगठ्यानं चाक दाबलं. "भरपूर आहे की!"

"असू द्या. तरी बघा." त्याची मान खाली होती. "उद्याही बघा. रोज बघा. इथेच."

त्याच्यामागे दूधवाल्यानं सायकल लावली. मग आणखी दोघांनी. सगळ्यांची चाकं टणक होती!

काकांनी पेटी खाली ठेवली. "पोरी, रडतेस काय? पंप धर. रांग बघ केवढी झाली!"

वकीलबाईनं डोळे पुसून पंप धरला. वर बघायचा धीर मात्र तिला झाला नाही.