कोऱ्या कापडाचं धुकं

"पडला! अय्यो, अण्णा परत पडला!"

रक्षिताच्या हातातली छत्री उलटी झाली, तरी तिला पत्ता नव्हता. हूटगळ्ळी गावाच्या पलीकडच्या माळावर पावसानं चिखलाचा नुसता रबडा केला होता आणि त्या रबड्यात तिचा मोठा भाऊ धनुष मोटारसायकलसकट आडवा झाला होता. वळण काही अवघड नव्हतं. तिथे पिवळ्या टायरांची एवढी मोठी रास होती की झोपेतसुद्धा दिसावी. धनुष मात्र सरळ तिच्यात जाऊन घुसला होता.

"उठला बघ! लागलं नाही त्याला!" पावनी म्हणाली. ती रक्षिताच्या वर्गातली. तिचे आईबाबा गेल्याच वर्षी पुण्याहून येऊन गोकुलम वस्तीत राहिले होते.

"उठला तर उठला, फेरी गेली की!" व्यासराज म्हणाला. हा रक्षिताचा चुलतभाऊ. त्याच्या एका हातात मद्दूर वडा होता आणि दुसऱ्या हातात दुसरा मद्दूर वडा. "आता एकच फेरी राहिली, नंबर तिच्यावरच ठरणार. शेवटची."

ते रक्षिताला सांगायला नको होतं. आज काय पणाला लागलंय हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. लष्कर मोहल्ल्यातल्या त्यांच्या छपाईच्या दुकानामागे धनुषनं दोन वर्षं भंगारातले भाग जमवून ही गाडी उभी केली होती. अप्पांना, म्हणजे शिवप्रसादांना, ती डोळ्यांसमोर नको होती. शेवटी दसऱ्याची सुट्टी लागली तेव्हा त्यांनी एकदाच काय ते सांगून टाकलं, "या शर्यतीत पहिल्या तिघांत आलास तर गाडी राहील. नाहीतर सोमवारी बंगळूरचा माणूस येईल, विकत घेऊन जाईल. मी शब्द दिलाय त्याला." अप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि दोन्हींत धनुष पडला होता.

ताडपत्रीखाली धनुष गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याच्या अंगावर चिखल नाही अशी जागा शोधून सापडली नसती.

"अण्णा, ते टायर दिसले नाहीत तुला?" रक्षितानं विचारलं.

"नाही."

"गॉगलवर चिखल होता? वरचे पापुद्रे ओढले नाहीस?"

पापुद्रे म्हणजे गॉगलच्या काचेवर लावलेले पातळ, पारदर्शक प्लास्टिकचे थर. काच माखली की स्वारानं गाडी चालवताचालवता एक थर ओढून फेकायचा, खाली स्वच्छ काच!

"सगळे ओढले ग! चिखल निघाला. तरी समोर नुसतं पांढरं, दुधासारखं. पहिल्या फेरीत तेच, दुसऱ्या फेरीतही तेच." धनुषचा आवाज बसला होता. "माझेच डोळे गेले असतील. मला येतच नाही हे. अप्पा बरोबर बोलतात. आता साकु, पुरे झालं."

धनुष अण्णा असं कधी बोलत नसे. इंजिन चारदा खोललं आणि चारदा बिघडलं, तेव्हाही तो शिट्टी वाजवत बसला होता. तिनं मुकाट्यानं त्याचा गॉगल उचलला आणि पावसाच्या पाण्याखाली धरला. बाहेरची काच लख्ख झाली, पण धुकं हललं नाही! तिनं आतून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी बुळबुळीत लागलं.

"पावनी! घाण बाहेर नाहीच. आतल्या बाजूला आहे! मग पापुद्रे ओढून काय उपयोग?"

"पण आत चिखल जाईलच कसा? कडेनं स्पंज आहे ना!"

"चिखल नाही हा. चिखल पांढरा असतो का, शाण्या बाई?"

तिघांनी मैदानाची एक चक्कर मारली. हासनहून आलेला लाल जर्सीवाला पहिला आला होता. त्याचा गॉगल आतून आरशासारखा स्वच्छ होता. निळ्या जर्सीवाल्याचाही तसाच. धुकं होतं ते फक्त तीन गॉगलांवर, आणि ते तिन्ही निघाले त्यांच्याच रंगारी समाजाच्या मुलांचे!

"कुणीतरी मुद्दाम केलंय!" पावनीचे डोळे चमकले. "आपल्याच मुलांना पाडायचा कट!"

"सुम्निरु, गप्प बस," रक्षिता म्हणाली. "आपल्या या तीन मुलांचे गॉगल दुसरं कोण हातात घेतं, ते आधी आठवा."

व्यासराजचा वडा तोंडाशीच थांबला. हळूच तो म्हणाला, "आमचे अप्पा."

व्यासराजचे अप्पा म्हणजे मालोजीराव काका, समाजाचे अध्यक्ष. दुकान मोबाइलचं, पण मान मात्र राजवाड्यातल्या दरबाऱ्याचा. शर्यतीत आपली मुलं उतरणार म्हणून त्यांनी नवंकोरं पिवळं कापड फाडून रुमाल करून आणले होते. प्रत्येक फेरीआधी ते रुमाल पाण्यात बुडवत आणि तिघांचे गॉगल आतून-बाहेरून स्वतःच्या हातानं पुसून देत. फोटो निघेपर्यंत पुसतच राहत!

रुमालांची थप्पी त्यांच्या खुर्चीवर होती. रक्षितानं वरचा उचलला. कापड पापडासारखं कडक होतं. व्यासराजनं त्याचा कोपरा पाण्यात भिजवला, बोटांनी चोळला आणि बोट चक्क चाटलं.

"शी! व्यासराज!"

"थांब की! गंजीसारखं लागतंय. भाताच्या पेजेसारखं."

"खळ!" रक्षिता ओरडली. "नव्या कापडाला खळ असते!"

तिला स्वतःचीच लाज वाटली. आजोबा-पणजोबा कापडं रंगवायचे. खळ काढल्याशिवाय रंग धरत नाही, हे त्यांच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. ओल्या रुमालाची खळ काचेला आतून लागायची, वर अण्णाचा घाम आणि गरम श्वास. त्याची खीर न होईल तर काय होईल!

"खात्री करायची?" पावनी म्हणाली. "विज्ञानात शिकलो ना! पिष्ट आणि आयोडिन!"

रुग्णवाहिकेपाशी भाग्या नावाची परिचारिका बसली होती. तिच्याकडे जखमेवरचं तपकिरी आयोडिनचं औषध होतं. "कुणाला लागलं?" तिनं घाबरून विचारलं. "रुमालाला!" व्यासराज म्हणाला. भाग्यानं हसत एक थेंब टाकला आणि पिवळ्या रुमालावर काळानिळा डाग पसरला.

तिघंही पळत मालोजीरावांकडे गेली. ते मंडपात गरम गरम बिसीबेळे भात खात होते.

"काका, तुमच्या रुमालात खळ आहे! त्या खळीमुळे अण्णाला दिसत नाही!"

"एनु? कशात काय आहे?" काकांनी चमचा खाली ठेवला. "अगं, कोरं कापड आहे ते! मंगल कार्याला धुतलेलं कापड देतात का कुणी? आपल्यात कोरंच देतात. देवाला कोरं, नवरदेवाला कोरं, मुलांना कोरं. पडतो हा, आणि खापर माझ्या रुमालावर? अरे व्यासराजा, तू पण?"

"अप्पा, मी चाटून बघितलं..."

"चाटून बघितलं! सकाळपासून काय काय चाटलंयस ते मला ठाऊक आहे. जावा, खेळा जावा!"

रक्षिता अप्पांकडे गेली. ते दोरीपाशी छत्री धरून उभे होते. तिनं सगळं सांगितलं. अप्पांनी ऐकलं आणि चिखलाकडे बघत म्हणाले, "कारणं सगळ्यांकडे असतात, रक्षी."

झालं! मोठी माणसं संपली. धनुषला सांगितलं तर तो म्हणाला, "कापडाचा काय दोष? आणि काका अध्यक्ष आहेत, त्यांना नको म्हणू मी?" त्यात आणखी एक वाईट बातमी. दोन्ही फेऱ्यांत पडल्यामुळे शेवटच्या फेरीला त्याला सगळ्यांच्या मागे, अगदी शेवटच्या रांगेत उभं राहायचं होतं. पुढच्या प्रत्येक चाकाचा चिखल त्याच्याच तोंडावर येणार होता. आशा धरावी असं कुठे काही उरलं नव्हतं. रक्षिताला रडू आलं आणि ती थोडी रडलीही. पावसात ते कुणाला कळलं नाही.

मग तिनं नाक पुसलं. "काका पुसणारच ना? पुसू देत. आपण खळ काढू!"

चहावाल्याचं पातेलं रटरटत होतं. व्यासराजनं त्याला आपला उरलेला वडा देऊ केला. तो त्यानं घेतला नाही, पण उकळतं पाणी मात्र बादलीभर दिलं. थप्पीवरचा दुसरा रुमाल बादलीत टाकून काठीनं ढवळला, पाणी पेजेसारखं गढूळ झालं, ते फेकलं, पुन्हा टाकला, पुन्हा ढवळला. शेवटी रुमाल मऊसूत झाला आणि पिळून परत थप्पीवर गेला. तिकडे पावनीनं तिन्ही गॉगल आतून नुसत्या पाण्यानं धुतले, घासले नाहीत.

"पोहायला जाताना आम्ही गॉगलला साबणाचा एक थेंब लावतो आणि नुसता विसळतो. मग आत वाफ धरत नाही," ती म्हणाली. चहावाल्याच्या कपबश्यांचा साबण कामी आला.

"पण अप्पा परत आतून पुसतील, मग साबण जाईल!" व्यासराज म्हणाला.

"तुझ्या अप्पांना सगळ्यांत जास्त काय आवडतं?" रक्षितानं विचारलं.

व्यासराजनं हसून पावनीच्या मोबाइलकडे बघितलं.

शेवटच्या फेरीआधी मालोजीराव रुमाल घेऊन आले. "हा असा लुळा कसा पडला?"

"पाऊस, अप्पा!" व्यासराज म्हणाला. ते खोटं नव्हतं, पाऊस होताच.

काकांनी गॉगल उलटा केला आणि आत बोट घालणार, तोच पावनी मोबाइल धरून ओरडली, "काका, तसं नको! हात आत गेला की तुमचा चेहरा झाकला जातो! बाहेरून पुसा! हां, हनुवटी वर! आणखी एक!"

काकांनी हनुवटी वर केली. तिन्ही गॉगल त्यांनी बाहेरून, अगदी सावकाश पुसले. आत कुणाचं बोटही गेलं नाही. रक्षितानं पापुद्रे लावले आणि गॉगल धनुषच्या हातात दिला.

"अण्णा, चिखल आला की एक ओढ. घाई करू नकोस, सगळे एकदम संपवू नकोस."

"कशाला आता..." म्हणत त्यानं गॉगल चढवला.

शिट्टी झाली. शेवटच्या रांगेतली गाडी चिखलाच्या भिंतीत शिरली आणि दिसेनाशी झाली. पहिलं वळण आलं. पिवळे टायर! धनुषचा हात कपाळाकडे गेला, पापुद्रा उडाला आणि गाडी टायरांना वळसा घालून सफाईनं पुढे गेली.

"दिसतंय! त्याला दिसतंय!" तिघंही उड्या मारू लागली.

त्यानं एकाला मागे टाकलं, मग दुसऱ्याला. गाडी मागून कमरेतून डोलायची, घसरायची, पण तो खड्डा पाहून वळत होता, पाणी पाहून सावरत होता. दोरीपाशी अप्पांची छत्री केव्हाच खाली आली होती. ते भिजत उभे होते आणि त्यांना ते समजलं नव्हतं. शेवटच्या चकरेत पुढे चारच गाड्या उरल्या. उतारावर त्यानं एकीला मागे टाकलं. निळ्या जर्सीवाल्याच्या मागच्या चाकाला त्याचं पुढचं चाक जवळजवळ टेकलं. तिसऱ्या नंबराला फक्त एका चाकाचं अंतर उरलं होतं. आणि झेंडा पडला.

धनुष चौथा आला.

पहिल्या रांगेतून निघाला असता तर! पहिल्या फेरीआधी कळलं असतं तर! रक्षिता मटकन चिखलात बसली.

नंतर जे व्हायचं ते सगळं झालं. व्यासराजनं अख्ख्या मंडपासमोर दोन रुमाल ठेवले, एक कोरा, एक उकळलेला. भाग्यानं दोन्हींवर थेंब टाकला. कोरा काळानिळा झाला, उकळलेला नाही झाला. मालोजीरावांनी तो डाग नखानं खरवडून बघितला. तोंडातून शब्द फुटेना, हा चमत्कार व्यासराजनं जन्मात पहिल्यांदा पाहिला! मग हासनच्या संघाचे प्रमुख म्हणाले, "शाब्बास! आमच्या मेकॅनिकलाही हे सुचलं नसतं!" कुणी पाठ थोपटली, कुणी पेढे दिले. परिचारिका भाग्यानं तर तिघांना मिठीच मारली.

"मला शाबासकी नको," रक्षिता म्हणाली. "मला गाडी पाहिजे."

मालोजीराव खाली मान घालून शिवप्रसादांपाशी गेले. "भाऊ, चूक माझी होती. पोराची नाही. त्या बंगळूरवाल्याला नको म्हण."

अप्पांनी नकारार्थी मान हलवली. "शब्द दिलाय, दादा. आणि तिघांत तो आला नाही." मग ते धनुषकडे वळले. "शेवटच्या रांगेतून चौथा. असं मी कधी बघितलं नव्हतं."

सोमवारी बंगळूरचा माणूस टेंपो घेऊन आला आणि गाडी घेऊन गेला. दुकानामागच्या जागेत तेलाचे डाग राहिले. रक्षिता दारात उभी राहून रडली, या वेळी सगळ्यांदेखत.

"रडू नको ग," धनुष म्हणाला. "मला वाटत होतं, मला येतच नाही. ते घेऊन जगलो असतो मी. गाडी काय, परत जुळवेन." पण गल्लीच्या टोकाला टेंपो वळला, तेव्हा त्यालाही तिकडे बघवेना.

संध्याकाळी मालोजीराव आले. त्यांच्या हातात कागदात बांधलेलं काहीतरी होतं. रिवाजाप्रमाणे त्यांनी ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग धनुषच्या हातात दिलं. आत पिवळा रुमाल होता, नीट घडी केलेला.

रक्षितानं तो गालाला लावला. तो मऊसूत होता. काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला धुतलेलं कापड दिलं होतं.

"स्वतः उकळलं," ते खाकरत म्हणाले. "तीनदा. पुढच्या गाडीसाठी ठेव."

धनुषनं रुमाल गॉगलभोवती गुंडाळला आणि रिकाम्या जागेतल्या खिळ्याला टांगला. अप्पा दारातून पाहत होते. त्यांनी तो काढायला सांगितलं नाही.