राखलेलं पांढरं

वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं. ठिकाण तलावाचा काठ. हजर होते सरांचे पाच विद्यार्थी, सरांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, आणि मी.

जलरंग शिकवणारे सर अकरा महिन्यांपूर्वी इथूनच बेपत्ता झाले. त्यांची रंगपेटी काठावर मिळाली, सर मिळाले नाहीत. पोलीस चौकीने 'स्वखुशीने निघून गेले' असा शेरा मारला. आम्ही जमलो त्याच दुपारी फाइल बंद होणार होती. शोधायला म्हणून कोणी घोटाभर पाण्यातही उतरलं नव्हतं. तीस वर्षांच्या बातमीदारीत भुताटकीची पत्रं मी न वाचता टोपलीत टाकली. इथे आलो ते या हलगर्जीपणावर लिहायला.

दर रविवारी सरांबरोबर बसत, तसेच पाचजण लांब लांब बसून चित्रं काढत होते. वारा नव्हता, तरी पाणी काठाला चाटत होतं. कुजलेल्या शेवाळाचा वास येत होता.

चित्रं होतील तशी काकू ती ओळीने मांडत गेल्या. प्रत्येकात माणसाएवढी एक जागा कोरी होती. जलरंगात पांढरं लावत नाहीत, कागद राखतात. तेही आधी ठरवून. चुकून काही राहत नाही.

पाण्याच्या बाटल्या सांभाळतो म्हणून ज्याला सगळे कंपाउंडर म्हणत, त्याला मी विचारलं, "इथे काय होतं रे?"

"काही नाही."

"मग कोरं का सोडलंस?"

"ऊन होतं ना तिथे…"

आभाळ सकाळपासून गच्च होतं.

"हे चालत गेलेत," काकू म्हणाल्या.

पहिल्या चित्रात ती कोरी जागा पाण्याशी होती, दुसऱ्यात उतारावर, मग पायऱ्यांवर. पाचव्या चित्रात ती जुन्या पंपघराच्या दाराशी होती. आम्ही तिथे गेलो. दाराला गंजलेलं कुलूप.

"किल्ली नाही साहेब, कधीच हरवली," तिथला राखणदार म्हणाला.

"मग तोडा. नाहीतर उद्या तुमच्या साहेबांचं नाव छापतो."

त्याने कुलूप तोडलं. आत एकही खिडकी नव्हती. स्टुलावर फळी, फळीला चिकटवलेला कागद. त्यावर सकाळचाच काठ होता. पाचजण बसलेले, कंपाउंडरच्या डोक्यावर पिवळी टोपी.

"ही मी काल घेतली…" तो पुटपुटला.

चित्रात त्यांच्या मागे, मी उभा होतो नेमक्या त्या जागी, माणसाएवढा कागद कोरा होता.

मी चित्रातल्या आभाळाला बोट लावलं. बोट निळंकरडं झालं.

"तुम्हाला राखलंय त्यांनी…" काकू हळूच म्हणाल्या.

फाइल मी बंद होऊ दिली नाही. 'कागद ओला' हे पंचनाम्यात लिहायला लावलं. कागद चौकीच्या कपाटात आहे. मी रोज जातो. हवालदार रोज माझ्यासमोर कपाट उघडतो, कागदाला बोट लावतो आणि ते विजारीला पुसतो.

आज चाळीस दिवस झाले. कागद वाळलेला नाही.