वीतभर झाड, बंद खिडकी

दिवस पंचावन्न

जिन्यात गाठ पडली. माझ्या कुशीत शालीत गुंडाळलेली कुंडी. तो दोन पायऱ्या खाली, हातात कात्र्यांची पेटी. वरच्या मजल्यावरचा सलूनवाला. आजवर नुसती नजरेची ओळख.

"किती महिन्यांचं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

शालीतून एक पान डोकावलं.

"अरे! हे तर हिरवं आहे..."

"टोमॅटो आहे. पेरून पंचावन्न दिवस झालेत. बुटक्या जातीचा, वीतभरच वाढतो. खाली चष्म्याच्या दुकानात गारठत होता, म्हणून खोलीवर नेतेय."

"आणि नाव?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"झाडाचं विचारतोय हो!"

दिवस साठ

बाबांची रोपवाटिका आहे. ती सोडून मी चष्म्याच्या काचा घासायला या शहरात आले, तेव्हा ते म्हणाले होते, "मातीतून उठलीस. आता तुझ्या हातून काही उगवणार नाही."

म्हणून हे झाड. बी माझं, दिवा माझा, हट्ट माझा. थंडी सरता सरता बाबा येणार आहेत. कुणाची मदत घ्यायची नाही.

पिवळी फुलं आली. सगळी गळाली.

दिवस चौसष्ट

दारावर टकटक.

"तुमच्या केरात फुलं पाहिली," तो म्हणाला. "माझ्याकडे एक शेतकी अधिकारी येतात. दाढी होईपर्यंत त्यांना पिळून काढलं. खिडकी बंद — म्हणजे वारा नाही, मधमाशी नाही. फूल हललंच नाही तर फळ धरणार कसं?"

खिशातून त्याने ट्रिमर काढला. पात्याची बाजू वर, पाठ नव्या फुलांच्या देठाला. घुर्रर्र... त्याच्या काळ्या बाहीवर पिवळी धूळ.

"द्या इकडे. माझं झाड आहे."

"धरा की." — पण त्याने सोडला नाही. दोघांच्या बोटांखाली झाड थरथरलं.

झाडच. बहुतेक.

दिवस सत्तर, ऐंशी, शंभर

रोज सकाळी सात. ट्रिमर आता माझ्या हातात, पाच सेकंद; चहा दोघांचा, तासभर. 'तुम्ही' कुठल्या दिवशी गळून पडलं, नोंद नाही.

दिवस एकशे अकरा

बाबा आले. बूट न काढताच झाडापाशी. एक लाल टोमॅटो तोडला, बाहीला पुसला, चावला. बराच वेळ चावत राहिले.

"खिडक्या बंद. माशी नाही. फळ धरवलं कुणी?"

तो दारातच उभा होता. "तिनेच, काका. एकटीने."

माझा हट्ट त्याला पाठ होता. त्याने जिंकणं माझ्या ओंजळीत आणून ठेवलं. मी फक्त गप्प बसायचं होतं...

"खोटं बोलतोय," मी म्हणाले. "पहिला घोस त्याचा. तो नसता तर एकही फळ धरलं नसतं."

"आणि बाकीचे?"

"माझे."

बाबांनी माझ्या घोसांतला एक तोडला. "चांगले आलेत."

हे शब्द त्यांनी आजवर फक्त स्वतःच्या रोपांसाठी वापरले होते. माझी मान आपोआप ताठ झाली. अशा ताठ मानेने माणूस काहीही बोलू शकतं.

"आणि बाबा, हा आता इथेच येत राहणार आहे. जन्मभर. मी ठरवलंय."

"मला कधी सांगितलंस?" — हे बाबा नाही, तो म्हणाला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन.

"आत्ता."