चार सह्यांचं पाकीट

अविनाश आणि मी पहिल्यांदा भेटलो ते भांडायलाच. चिखलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत भगवंतरावांच्या घराचा वरचा मजला रिकामा झाला होता. मी तो बघून खाली उतरत होते आणि तो बघायला वर येत होता. जिना इतका अरुंद, की दोघांपैकी एकाने मागे जायलाच हवं. मी वरूनच सांगून टाकलं की घर मी पाहिलंय आणि मला पसंत आहे.

"पसंत तं मलेबी हाये, न पाहताच," तो म्हणाला. "तुमी उतरा आधी. घराचं मंग पाहू."

आणि तो भिंतीला चिकटून उभा राहिला. मी अंग चोरून बाजूने गेले, तेव्हा त्याच्या शर्टाला वार्निशचा वास आला. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत तो नवी तार भरून द्यायचा, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त वास लक्षात राहिला... आणि त्याने बघता बघता खाली घातलेले डोळे.

भगवंतराव निवृत्त हेडमास्तर. त्यांनी शाळेतलं भांडण सोडवावं तसं आमचं सोडवलं. दोन खोल्या इकडे, दोन तिकडे, मधे नळ आणि गच्चीचा तुकडा सामाईक. इकडे मी आणि माझी मैत्रीण पुष्पांजली, दोघीही एकाच खासगी दवाखान्यात नर्स. तिकडे अविनाश आणि त्याची आई गोजरबाई, ज्यांना साखरेच्या औषधपाण्यासाठी त्याने त्यांच्या गावाहून, उंद्रीहून, चिखलीला आणलं होतं. करारनामा मात्र एकच, चौघांच्या नावाचा.

डिपॉझिट त्यांनी घेतलं नाही. पैसा माणसाला बांधत नाही, कागद बांधतो, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकाकडून एकेक मूळ कागद घेतला. माझं आणि पुष्पांजलीचं नर्सिंगचं नोंदणीपत्र, अविनाशचं आयटीआयचं सर्टिफिकेट. गोजरबाईंकडे तसला कागदच नव्हता, तर त्यांनी ट्रंकेतून आपल्या लग्नाचा फोटो काढून दिला. सगळं एका खाकी पाकिटात घालून, तोंडावर लाख लावून, त्यावर आमच्या तीन सह्या आणि एक अंगठा. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांचं पाकीट जसं साक्षीदारांशिवाय फुटत नाही, तसं हे चौघांच्या संमतीशिवाय फुटणार नाही, असं त्यांनी बजावलं. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो.

दीड वर्ष आम्ही त्या मजल्यावर राहिलो. फ्रिज आमच्या बाजूला होता, म्हणून गोजरबाईंचं इन्शुलिन आमच्याकडे, आणि रोज सकाळी सातला सुई द्यायला मी त्यांच्याकडे. गोजरबाई मला "सिस्टरबाई" म्हणायच्या. सगळी गल्ली मला सिस्टरच म्हणायची. अविनाश मात्र कधी म्हणाला नाही. तो "ओ" म्हणायचा, "ऐकता का" म्हणायचा, काही सुचलं नाही तर नळाची तोटी वाजवायचा, पण तो एक शब्द त्याने टाळला. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी उगाचच दोनदा वेणी घातली.

बोललो आम्ही काहीच नाही. मला वाटायचं, घाई कसली आहे...

मग सप्टेंबरअखेर सरकारी भरतीचा निकाल लागला. चौथ्यांदा दिलेली परीक्षा, आणि यादीत माझं नाव. नेमणूक गडचिरोलीत, भामरागडच्या बाजूला. नऊ ऑक्टोबरला मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, मूळ कागद नसेल तर नाव यादीतून बाद. नोंदणीपत्राची दुसरी प्रत काढायला दीड महिना लागणार होता आणि माझ्या हातात होते बारा दिवस.

भगवंतराव जागचे हलले नाहीत. एकाचा कागद बाहेर काढला म्हणजे करार संपला, आणि करार संपवायला चारही भाडेकरूंच्या सह्या हव्यात. करार संपला की मजला पूर्ण रिकामा, कारण त्यांच्या मुलाचं बिऱ्हाड यायचं होतं. म्हणजे मी गेले तर अविनाश आणि गोजरबाईंनाही घर सोडावं लागणार.

करार संपवायचा कागद घेऊन मी आधी अविनाशकडे गेले, दुकानात. खरं सांगू? त्याने नाही म्हणावं म्हणून गेले. नाही म्हणेल, रागावेल, निदान विचारेल की एवढ्या लांब काऊन. त्याने हात पुसले, कागद नीट वाचला आणि सही केली.

"झालं," तो म्हणाला. "अजून कोन राह्यलं?"

मी घरी येऊन मोरीत बसून रडले. ज्याने अडवावं असं वाटत होतं त्यालाच अर्धं मिनिट पुरलं होतं.

राहिली होती पुष्पांजली. ती जूनमध्येच खामगावच्या एका दवाखान्यात गेली होती, पण करारातलं तिचं नाव आणि पाकिटातला कागद तसाच होता. परीक्षा तिनेही दिली होती, तिचं नाव दोन मार्कांनी हुकलं, आणि निकालापासून ती माझा फोन उचलत नव्हती. अविनाश म्हणाला, फोन कशाले, जाऊनच येऊ. त्याने दुकान बंद ठेवलं आणि आम्ही एसटीने निघालो. बाहेर परतीचा पाऊस लागला होता आणि खिडकीची काच काही केल्या वर चढत नव्हती. त्याने माझ्याशी जागा बदलली आणि भिजत बसला.

"तिकडं, त्या गडचिरोलीत," तो बाहेर बघत म्हणाला, "मोटारी जळत असतीन का?"

"जळत असतील तर?"

"मंग कोनीतरी भरनारा लागनच ना."

मी विचारलं, "अन् आई?" तेवढ्यात उंद्री आली आणि त्याने बोटाने रस्त्यापासून जरा आत असलेलं आपलं पत्र्याचं घर दाखवलं. "आता आमी तिथं," म्हणाला.

पुष्पांजली दवाखान्याच्या पायऱ्यांवर भेटली. तिने कागद हातात घेतलाच नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. दोघी एकत्र शिकलो, एकत्र परीक्षा दिल्या, आता एक तिकडे सरकारी नोकरीत आणि एक इथे रोज डॉक्टरची बोलणी खात, आणि वर तिनेच सही करून मला पाठवायचं. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं.

मग तिचं लक्ष अविनाशकडे गेलं. ओला शर्ट, हातात माझी छत्री. तिने त्यालाच विचारलं, "तुमचं तं घरबी जाते अन् हीबी जाते. मंग तुमी काऊन फिरून राह्यले हिच्यासंगं?"

"पाकिटातला कागद तिचा हाये," अविनाश म्हणाला.

पुष्पांजलीने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिने खिशातला पेन काढला. सही करून मला मिठी मारली आणि कानात म्हणाली की मी महामूर्ख आहे. माझी तिच्याशी वाद घालायची तयारी नव्हती.

उरला अंगठा. आणि गोजरबाई काही केल्या तो देईनात.

"नाई देत मी," त्या म्हणाल्या. "उंद्रीत मले सुई कोन देईन वं पोरी? ह्याचा हात पाह्यला का तू? सुई दिसली का कापते."

खरंच होतं ते. केसाएवढी तांब्याची तार मोटारीत भरताना ज्याचा हात हलत नसे, तो सिरिंज बघितली की घामाघूम व्हायचा. उंद्रीत आणखी कोणाला सांगायचं, रोज सकाळी सकाळी कोण येणार, या विचाराने मलाही जावंसं वाटेना. शेवटी त्याला सुईचा सराव द्यायला मीच मोसंबी आणली.

चार दिवस, सकाळी सुई झाल्यावर, गच्चीच्या तुकड्यावर आमची शिकवणी चालली. मी सांगायची, कातडीची घडी धरा, सुई सरळ घाला, दट्ट्या हळू दाबा, दहापर्यंत मोजा. त्याचा हात थरथरायचा म्हणून मी वरून धरायची. पहिल्या दिवशी मोसंबीतून रस गळून त्याच्या मनगटावरून माझ्या मनगटावर आला.

"हात सोडा आता तुमी," तिसऱ्या दिवशी तो म्हणाला. "नाई तं मी शिकनार कसा?"

"सोडते."

मी सोडला नाही. त्यानेही काढून घेतला नाही. मोसंबी कधीची टोचून झाली होती... आणि मला एवढंच कळत होतं, की याला माझ्यावाचून राहता यावं म्हणून मी माझ्याच हाताने त्याला शिकवतेय. जगात याहून वेडा उद्योग कोणी केला नसेल.

सहा तारखेला सकाळी त्याने आईला सुई दिली. मी दारात उभी होते. त्याने घडी जरा जास्तच जोरात धरली, सुई तिरकी गेली. काढल्यावर रक्ताचा एक थेंब आला आणि गोजरबाईंच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. त्यांनी पदराने तो थेंब टिपला.

"काई दुखलं नाई," त्या मला म्हणाल्या. "तुह्यापेक्षा हलका हात हाये याचा. आन तो कागद."

आणि त्यांनी अंगठा दिला. दीड वर्ष मी त्यांना सुई देत होते, दुखलेलं मला ओळखू येणार नाही का? पण मी मान हलवली. त्यांनी इतकं निभावून नेलं होतं, मी कशाला मोडू?

कागद घेऊन मी खाली निघाले, तर जिन्यावर अविनाश. माझी ट्रंक खाली ठेवून तो वर येत होता. तोच जिना, तीच अडचण. या वेळी मीही उतरले नाही आणि तोही भिंतीला चिकटला नाही.

"सही काऊन केली तुमी?" मी विचारलं. "एकदाबी नाई म्हटलं नाई."

तो खालच्या पायरीवर होता, त्यामुळे आमचे डोळे समोरासमोर आले.

"नाई म्हटलं असतं तं तू राह्यली असती, अर्पिता," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावाने. "मले ठाव होतं. म्हनूनच म्हटलं नाई. मंग जल्मभर मले पाहून तुले ते पाकीट आठोलं असतं. मले तसं नाई पायजे. मले तू पायजे... पन अशी अडकलेली नाई पायजे."

मी तिथेच पायरीवर बसले. दीड वर्ष ज्याची वाट पाहिली ते शब्द, आणि बस अकरा वाजताची. आनंद होतोय की काय होतंय हे कळायच्या आधीच मी हुंदके देत होते. तो शेजारी बसला. जिना अरुंद होता म्हणून खांद्याला खांदा लागला. बाहेर पाऊस थांबला होता. आमचं काहीही ठरलं नाही. आईला सोडून तो येऊ शकत नव्हता आणि पहिलं वर्षभर मला बदली मागता येणार नव्हती. हे दोघांनाही माहीत होतं.

भगवंतरावांनी चारी खुणा चष्मा पुसून तपासल्या, लाख फोडली आणि सगळे कागद टेबलावर मांडले. मला माझं नोंदणीपत्र मिळालं, अविनाशला सर्टिफिकेट. पुष्पांजलीचं अविनाश खामगावला पोचवणार होता. गोजरबाईंनी आपला लग्नाचा फोटो हातात घेतला, बघितला, आणि परत त्याच खाकी पाकिटात घातला.

"मास्तर, लाख हाये का उरली?" त्यांनी विचारलं.

भगवंतरावांनी काडी पेटवली. पाकीट बंद झालं. गोजरबाईंनी ते आधी मुलासमोर ठेवलं, मग माझ्यासमोर. "दोघं सह्या करा याच्यावर. अन् हे तुह्यापाशी राहू दे, पोरी. दोघं मिळून माह्यासमोर आनसान तवाच फुटन."

आम्ही सह्या केल्या. अविनाशचा हात या वेळी हलला नाही. माझा हलला.

आता फेब्रुवारी चालू आहे. इथे संध्याकाळी लवकर अंधारून येतं आणि फोनची रेंज येते ती फक्त सकाळी, आरोग्य केंद्राच्या मागच्या चढावर. मी सातला तिथे जाऊन उभी राहते. उंद्रीहून फोन येतो. तो म्हणतो, "झालं." मागून गोजरबाई सांगतात, "दुखलं नाई सांग तिले." त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चाललाय. मी विचारते आणि तो सांगायचं टाळतो.

मला परत जाता येईल का, आणि वेळेवर जाता येईल का, हे मला माहीत नाही. पाकीट माझ्या ट्रंकेत आहे. कधीकधी फार वाटलं की बाहेर काढून लाखेवरून बोट फिरवते आणि तसंच ठेवून देते. एकटीला ते फोडता येत नाही.